बाबाहच्या वस्तीतला माटल्ला

मेस्सूदाच्या डाव्या कानाची पाळी दोन फाकांत फाटलेली होती. ती कशी फाटली हे तिच्या मुलाने, माटल्लाने, तिला कधी विचारलं नाही. फाटली तेव्हा तो तिथेच उभा होता. मालकिणीने उकिरड्यावर टाकलेलं एक पितळी डूल मेस्सूदाने वाळूने घासून कानात घातलं होतं. मालकीण तंबूतून बाहेर आली, बघितलं, जवळ आली आणि काही न बोलता डूल खाली ओढलं. पाळीसकट आलं. मेस्सूदाने मूठभर वाळू कानावर दाबली आणि पुन्हा उखळाशी जाऊन बाजरी कांडायला लागली. उखळात रक्त पडू नये म्हणून मान तेवढी वाकडी धरली. वासराचं दावं धरून उभ्या असलेल्या माटल्लाच्या लक्षात राहिली ती तिची वाकडी मान.

त्यांच्या वस्तीचं नाव अदबाय अहल बाबाह. अदबाय म्हणजे गुलामांची वस्ती, आणि अहल बाबाह म्हणजे बाबाहचं घराणं. बाबाह स्वतः तिथे राहत नसे. त्याचे तंबू वरच्या टेकाडावर, वारा लागतो तिथे. खाली बाभळींच्या झुडपांत मातीच्या झोपड्या होत्या त्या त्याच्या माणसांच्या. बाजारात कुणी नवं भेटलं तर आमच्याकडे विचारायची रीत आहे, 'कुठला तू?' वस्तीतल्या पोरांना तसं कुणी विचारत नसे. त्यांना विचारत, 'कुणाचा तू?' आणि गावाचं नाव सांगितलं की उत्तर आपोआप मिळे.

माटल्लाला मिसरूड फुटली त्या सुमाराला रेडिओवर बातमी आली. बाबाह तंबूत लोडाला टेकून ऐकत होता आणि मेस्सूदा त्याच्या चहासाठी निखारे फुंकत होती. देशात आता कुणी कुणाचा गुलाम नाही, असं रेडिओतल्या माणसाने सांगितलं. बाबाहने रेडिओचा कान पिळून तो बंद केला.

"ऐकलंस का मेस्सूदा? सुटलीस तू," तो हसत म्हणाला.

"ऐकलं, मालक."

"मग दुसरा चहा ठेव. या खेपेला साखर जास्त घाल."

तिने ठेवला. जाणार कुठे होती? झोपडी त्याची, विहीर त्याची, शेरडंही त्याचीच.

वस्तीपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर नदी, आणि नदीच्या काठावर वुरो येरो. ते फुलानी लोकांचं गाव. येरो नावाच्या त्यांच्या कुणा पूर्वजाने वसवलेलं, म्हणून येरोचं गाव. पूर ओसरला की काठाची काळी जमीन उघडी पडे आणि त्या ओलीवर ज्वारी डोक्याच्या वर जाई. कापणीला माणसं लागत. बाबाह आपली माणसं तिकडे पाठवी आणि मजुरी स्वतः घेई. माटल्ला असाच दर वर्षी जायचा. तिथे त्याची देम्बाशी गट्टी जमली. देम्बा त्याच्याच वयाचा, गावच्या म्हाताऱ्या हमादीचा मुलगा. शेती करी, होडी घेऊन मासेही मारी.

"काय रे," देम्बा म्हणायचा, "माझ्यापेक्षा काळा तू, आणि बोलतोस त्या गोऱ्या तंबूवाल्यांसारखा! आरशात बघितलंस का कधी तोंड?"

"आरसा मालकिणीकडे आहे. तिची दाढी करून झाली की मागतो."

दोघं पोट धरून हसत. पण जेवणाची वेळ झाली की हमादी म्हातारा हाक मारी, "मेस्सूदाच्या पोराला तिकडे बसवा," आणि हाताने पलीकडचं झाड दाखवी. त्या झाडाखाली गावाचे स्वतःचे गुलाम बसत. फुलानींचेही गुलाम होते, त्यांच्याही पिढ्या गेल्या होत्या. त्यांची परात वेगळी. देम्बा खाली मान घालून बापाच्या परातीत हात घाली. माटल्ला पलीकडे जाई, त्यांच्यात बसून मासे-भात खाई, आणि प्रत्येक घास त्याला काट्यासकट गिळल्यासारखा वाटे. बाबाहच्या तंबूत अपमान झाला तर त्याला काही वाटायचं नाही, तिथे तो जन्मलाच त्यासाठी होता. इथे वाटायचं.

मग ते वर्ष आलं. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या दोन देशांत बिनसलं. इकडच्यांची दुकानं तिकडे लुटली, तिकडच्यांची माणसं इकडे कापली. राजधानीतून अफवा येत आणि अफवांमागून ट्रक. एका सकाळी असाच एक ट्रक अदबाय अहल बाबाहमध्ये येऊन थांबला. बाबाह तोवर मेला होता. ट्रकमधून त्याचा मुलगा सिदाती उतरला, निळा झगा खांद्यावर सारत. मागे दोन गणवेशातली माणसं. ट्रकमध्ये बाभळीचे सोललेले दंडुके रचून ठेवले होते.

सिदातीने सगळ्या पुरुषांना बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांना 'भावांनो' म्हणाला.

"भावांनो, नदीकाठचे हे लोक या देशाचे नाहीत. पलीकडचे आहेत. त्यांना पलीकडे पोचवायचं. ज्याने जे घर धरलं ते त्याचं. शेरडं त्याची, गुरं त्याची."

"आणि जमीन?" माटल्लाने विचारलं.

"जमीनपण. अल्लाची शपथ." मग सिदाती त्याच्याकडे बघून म्हणाला, "किती दिवस बाबाहच्या वस्तीतले म्हणवून घेणार? तुम्हाला स्वतःचं गाव नको?"

त्या एका वाक्याने माटल्लाचा हात दंडुक्याकडे गेला. मेस्सूदा झोपडीच्या दारात उभी होती. तिने हाक मारली नाही.

वुरो येरोत ते शिरले तेव्हा बायका सकाळची पेज ढवळत होत्या. पहिला आवाज मडकं फुटल्याचा झाला, दुसरा माणसाचा. मग सगळे आवाज एकात एक मिसळले. दारं लाथेने पडत होती. एका घराला कुणीतरी पेटती चूड लावली, आत अजून शेळी बांधलेली होती, ती ओरडत राहिली. ज्याच्याबरोबर काल-परवापर्यंत कणसं खुडली त्याच्या गुडघ्यावर लोक दंडुका घालत होते, आणि तो पडला की त्याचं नाव घेऊन शिव्या देत होते, कारण नाव माहीत होतं. गणवेशातली माणसं रस्त्याच्या तोंडाशी उभी होती. जो पळत येई त्याचे ओळखपत्राचे कागद काढून घ्यायचे, फाडायचे आणि त्याला नदीकडे वळवायचं, एवढंच त्यांचं काम.

माटल्ला सरळ हमादीच्या घरी गेला. कुणी पाठवला नाही, पाय गेले. म्हातारा ओट्यावर चटई टाकून बसला होता, हातात जपमाळ.

"उठ," माटल्ला म्हणाला. "चल नदीवर."

हमादीने डोळे किलकिले करून बघितलं. "मेस्सूदाचा पोर ना तू?"

"उठ म्हणतोय."

"माझ्या आज्याच्या आज्याने बांधलंय हे घर. मला इथून कोण काढणार? बाबाहचा गुलाम?"

माटल्लाने मारलं. एकदा कपाळावर, आणि म्हातारा आडवा झाल्यावर पुन्हा, आणि मग किती ते त्यालाही कळलं नाही. दंडुका ओला होऊन हातातून निसटायला लागला तेव्हा तो थांबला. ओट्यावरची जपमाळ तुटून मणी अंगणात गडगडत गेले होते आणि एक कोंबडी ते दाणे समजून टिपत होती.

घाटावर देम्बा छातीएवढ्या पाण्यात होता. खांद्यावर त्याची लहान मुलगी, मागे बायको पेंदा. काठावर वस्तीतल्याच एकाने पेंदाला केसांनी धरून मागे ओढलं आणि तिच्या कानातली सोन्याची कडी हिसकली. ती किंचाळली. माटल्लाने पाहिलं आणि तोंड फिरवलं. देम्बा बायकोसाठी मागे वळला, तसा दुसऱ्या कुणी होडीचं वल्हं उचलून त्याच्या डाव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. मुलगी पाण्यात पडली. पेंदाने तिला झग्याला धरून वर काढलं. देम्बाची आणि माटल्लाची नजरानजर झाली. माटल्लाच्या अंगरख्यावर रक्त होतं. ते कुणाचं, हे देम्बाला त्या वेळी कळलं नाही. ते तिघं कुणाच्या तरी होडीत चढले आणि पलीकडच्या तीरावर दिसेनासे झाले.

"प्रेतं नदीत टाका," गणवेशवाला म्हणाला. बाकीच्यांनी टाकली. माटल्लाने हमादीला खांद्यावर घेतलं आणि घाटाकडे न जाता शेताकडे चालू लागला. सूर्य बुडायला आला होता. बांधावर एक बोरीचं झाड होतं, त्याच्या मुळाशी त्याने कुदळीने खणलं. मेलेल्याला आंघोळ घालायची असते, ती त्याने घातली नाही, हिंमत झाली नाही. कुराणातली एकच सूरा त्याला येत होती. गुलामांना कोण शिकवणार? तीच त्याने परत परत म्हटली आणि माती लोटली.

महिन्याभरात सिदातीने गावाच्या तोंडाशी पाटी ठोकली. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरात: अन्-नस्र. विजय. अदबायमधली निम्मी माणसं तिथे राहायला आली. माटल्लाला हमादीचं घर मिळालं. ओटा त्याने स्वतः नव्या मातीने लिंपला. मेस्सूदा मात्र आली नाही. तो बोलवायला गेला तेव्हा ती शेंगदाणे फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीवर शिजवलं मी. आता म्हातारपणी आणखी एका दुसऱ्याच्या चुलीवर? जा तू."

"आई, तिथे आपलं गाव आहे. बाबाहचं नाव नाही."

"मारायला बाबाहच्याच पोराने शिकवलं ना तुला? शिकलास. हुशार आहेस." पुढे दोन वर्षांनी ती त्या जुन्या झोपडीतच वारली.

अन्-नस्रमध्ये पहिली ज्वारी भरघोस आली. कापणीच्या दिवशी सिदाती तंबू, चहाची किटली आणि दोन गाढवं घेऊन हजर.

"निम्मं माझ्या गाढवांवर चढवा."

"जमीन आमची म्हणाला होतात," माटल्ला म्हणाला.

"तुमचीच. कसायला तुमची." सिदाती हसला, अगदी बापासारखा हसत असे तो. जमीन त्याने केव्हाच स्वतःच्या नावावर करून घेतली होती.

दरवर्षी निम्मं जात राहिलं. माटल्लाने लग्न केलं, तेस्लेम नावाची मुलगी झाली. बांधावरच्या बोरीभोवतीचा तुकडा तो कधी नांगरत नसे. बायकोने विचारलं तेव्हा विंचवांची बिळं आहेत म्हणाला. रागीट म्हणून तो गावात प्रसिद्ध झाला. कुणी हसत 'मेस्सूदाचा पोर' म्हटलं की तो अंगावर धावून जाई. असं म्हणणाऱ्या एकाचे त्याने पुढचे दात पाडले होते. फक्त तेस्लेमवर त्याचा हात कधी उठला नाही.

तेस्लेम लग्नाच्या वयाची झाली तेव्हा पलीकडे गेलेले परत आले. दोन्ही सरकारांचं जमलं होतं. नदी ओलांडून ट्रक आले, त्यातून म्हातारे, बायका, आणि तिकडेच जन्मलेली मुलं उतरली. त्यांना गावाबाहेर, उघड्या रानात तंबू दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माटल्लाच्या ओट्यासमोर एक पांढऱ्या केसांचा माणूस येऊन उभा राहिला. डावा हात कोपरातून वाकडा, कधीच सरळ न होणारा.

"ओटा नवा केलास," देम्बा म्हणाला.

माटल्ला उठला. "बस. चहा ठेवायला सांगतो."

"चहा नको. घर मागायला आलो नाही आत्ता. बाबा कुठे आहेत?"

माटल्लाच्या जिभेवर खरं आलं होतं. दारात तेस्लेम उभी होती. "शिपाई घेऊन गेले," तो म्हणाला. "पुढचं मला ठाऊक नाही."

देम्बाने त्याच्या मानेकडे बघितलं. "तू लहानपणीही खोटं बोललास की मान वाकडी करायचास," एवढं बोलून तो निघून गेला.

त्यानंतर गाव आणि तंबू यांच्यात रोज काही ना काही पेटू लागलं. आज पाण्यावरून, उद्या शेळी पिकात शिरली म्हणून. तंबूतल्या फुलानींनी एका दुपारी सिदातीची हिरवी पाटी उपटून नदीत भिरकावली आणि कोळशाने एका दगडावर 'वुरो येरो' लिहिलं. इकडच्या पोरांनी तो दगड फोडला. दोन्हीकडची डोकी फुटली. सिदाती मध्ये पडला नाही. त्याचं काम दुसरीकडे चाललं होतं: काठाची सगळी जमीन त्याने राजधानीतल्या कुणा व्यापाऱ्याला भातशेतीसाठी देऊन टाकली होती.

पेरणीच्या तोंडावर पुन्हा ट्रक आला. त्यामागे मोठा पिवळा ट्रॅक्टर, पुढे लोखंडी फाळ लावलेला. ट्रकमधून उतरलेली पोरं माटल्लाने ओळखली. सगळी अदबाय अहल बाबाहमधली होती. त्यांचे बाप त्याच्याबरोबर लहानाचे मोठे झाले होते. पोरांच्या हातात सोललेले दंडुके होते.

"माटल्ला," सिदाती म्हणाला. आता तोही थकला होता, काठी टेकत होता. "आवरा सामान. शहाण्यासारखं निघालात तर कुणाला लागणार नाही."

"कुठे जायचं?"

"आलात तिथे."

गावातल्या माणसांनी कुदळी उचलल्या. पोरं पुढे सरसावली. पहिला दंडुका माटल्लाच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. मारणारा त्याच्या मावसभावाचा मुलगा होता. एकीकडे बायका लेकरं उचलून पळत होत्या, छपरं खाली ओढली जात होती, आणि दुसरीकडे ट्रॅक्टर शेतात शिरून बांध चिरत बोरीच्या दिशेने चालला होता.

माटल्ला मार खात खातच धावला आणि बोरीला पाठ लावून उभा राहिला. ट्रॅक्टर चार हातांवर थांबला. चालक ओरडला, "बाजूला हो, म्हाताऱ्या!" माटल्लाने तंबूंकडे तोंड केलं आणि छाती फुटेस्तोवर हाक दिली:

"देम्बा! तुझा बाप इथे आहे! देम्बा!"

तंबूतले फुलानी नुसते बघत होते तोपर्यंत. दोन शत्रू आपसात मारामारी करताहेत, त्यांचं त्यांना काय? हाक ऐकून देम्बा आला. मागून पेंदा आली, मागून बाकीचे. ट्रॅक्टरचं इंजिन घरघरत होतं.

"काय म्हणालास?"

"याच्या मुळाशी पुरलंय. मीच पुरलं."

"मारलं कुणी?"

आजूबाजूला सगळे होते. सिदाती होता, दंडुकेवाली पोरं होती, तेस्लेम होती.

"मी," माटल्ला म्हणाला.

देम्बाने उजव्या हाताने जवळच्या माणसाची कुदळ घेतली. पातं नाही, दांड्याची बाजू त्याने माटल्लाच्या तोंडावर घातली. माटल्ला पडला. देम्बा मारत राहिला, तोंडावर, मानेवर, आणि एकेका घावाला तो रडत होता. माटल्लाने हात वर केले नाहीत. त्याचा डावा डोळा तिथेच गेला. शेवटी तेस्लेमने स्वतःला बापाच्या अंगावर झोकून दिलं. देम्बाचा पुढचा घाव तिच्या पाठीवर पडला, तेव्हा पेंदाने कुदळ धरली. "बस!" ती म्हणाली. "पोरीने काय केलंय?"

देम्बाने कुदळ टाकली आणि गुडघ्यांवर बसून एका हाताने माती उकरायला लागला.

"बघताय काय?" सिदाती पोरांवर खेकसला. "हाकला सगळ्यांना! चालव रे ट्रॅक्टर!"

चालकाने इंजिन बंद केलं. तो नदीपलीकडचा, पोटासाठी आलेला माणूस होता. "मेलेल्या माणसावरून मी फाळ नेणार नाही," तो म्हणाला आणि खाली उतरून सिगारेट पेटवली. सिदाती त्याला आई-बहिणीवरून शिव्या देत राहिला. एका पोराने आधी दंडुका खाली टाकला, मग दुसऱ्याने. त्यांना काही उमगलं होतं असं नाही. हाडं वर येताना बघून त्यांची तोंडं सुकली होती.

हाडं पेंदाने आपल्या ओढणीत गोळा केली. फुलानींनी हमादीला आपल्या दफनभूमीत रीतीप्रमाणे पुरलं.

बांधाचा तो तुकडा आणि त्यालगतची एक पट्टी, गवगवा नको म्हणून सिदातीने सोडल्यावर, फुलानींना परत मिळाली, गावाचं नावही मिळालं. बाकी सगळीकडे भात उभा राहिला. माटल्लाच्या माणसांना कुणी काहीच दिलं नाही. सिदातीने हाकललं, वुरो येरोने ठेवून घेतलं नाही, आणि अदबाय अहल बाबाहला परत जायला माटल्लाच तयार नव्हता. "मेलो तरी त्या नावात जाणार नाही," तो म्हणाला. काही कुटुंबं शहराकडे गेली. उरलेली डांबरी रस्त्याच्या कडेला, मुरमाड माळावर पत्रे आणि गोणपाटं लावून बसली. तिथे पीक येत नाही, शेळ्या तेवढ्या जगतात. तेस्लेम रस्त्यावर उकडलेली अंडी आणि शेंगदाणे विकू लागली, म्हणून गाड्या थांबू लागल्या. थांबू लागल्या म्हणून त्या जागेला नाव हवं झालं.

एका बाजारच्या दिवशी माटल्ला बसमधून परत येत होता. जागा जवळ आली तसा चालक मान मागे वळवून ओरडला, "अदबाय माटल्ला! अदबाय माटल्लावाले उतरा!"

माटल्लाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गुलामांची वस्ती, आणि पुढे त्याचं स्वतःचं नाव. बसमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. माणसं पिशव्या गोळा करत होती. तो उठला, पुढे गेला, चालकाची मानगूट धरून त्याला दारातून खाली खेचलं आणि रस्त्यावर पाडून मारायला लागला. एका डोळ्याचा म्हातारा, पण हातात ताकद होती. चालकाचं नाक फुटलं. माणसांनी ओढून त्याला बाजूला केलं.

चालक उठून बसला. पन्नाशीचा, त्यांच्यातलाच, कुठल्याशा दुसऱ्या अदबायमध्ये जन्मलेला. नाकाखाली झग्याची बाही धरून तो म्हणाला, "अरे बाबा, मी काय नाव ठेवलं का? सगळे म्हणतात म्हणून मी म्हणतो. तू माटल्ला आहेस हेही मला माहीत नव्हतं."

"अदबाय नाही म्हणायचं!"

"बरं. मग काय म्हणू? सांग तू. आजपासून तेच ओरडतो."

बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. माटल्लाने तोंड उघडलं. येरोचं गाव तर येरोवाल्यांचं होतं. विजय नदीत बुडाला होता. तिसरं कुठलंच नाव त्याला माहीत नव्हतं. अंड्यांची पाटी खाली ठेवून तेस्लेम आली, तिने चालकाला नाक धुवायला पाणी दिलं आणि बापाला हाताला धरून घरी नेलं.

त्या चालकाने त्याच्याविरुद्ध तक्रार केली नाही. तो अजून त्याच रस्त्यावर गाडी चालवतो. ती जागा आली की काही ओरडत नाही, नुसता भोंगा वाजवतो, आणि उतरायचं असतं ते उतरतात. बाकीचे चालक मात्र नाव घेतातच.